तोंडाच्या कॅन्सरचा इलाज संपवून गावी आलेले म्हातारे: पहिल्या तीन महिन्यांत घरच्यांनी नेमकं काय करायचं?

उपकेंद्रवाली (यवतमाळ जिल्हा)

खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) घोटला जातो त्या प्रत्येक गावात गालाच्या नाहीतर जिभेच्या कॅन्सरचा एखादा तरी रुग्ण निघतोच. ऑपरेशन होतं, शेक (रेडिएशन) होतात आणि नागपूर, सेवाग्राम किंवा सावंगीहून जाडजूड फाईल घेऊन माणूस घरी येतो. फाईलमध्ये पुढची तारीख असते, गोळ्या असतात. घरी काय करायचं ते मात्र एका ओळीत: पौष्टिक आहार, तोंडाचे व्यायाम, वेळेवर तपासणी. घरचे मायेपोटी त्याला बाजेवर निजवून ठेवतात, डाळीचं पाणी पाजतात, आणि दोन महिन्यांत वजन आणखी उतरतं.

नमुना म्हणून असा रुग्ण धरा: वय ६८, वजन ५० किलो. डाव्या गालाचं ऑपरेशन, छातीचं मांस वळवून लावलेलं, मानेतल्या गाठी काढलेल्या. ३० शेक आणि सोबत आठवड्याला सिस्प्लॅटिन (केमोचं औषध). शेवटचा शेक होऊन पाच आठवडे झाले. नाकातली नळी निघाली आहे, तोंड जेमतेम दीड बोट उघडतं. बीपी आणि शुगरच्या गोळ्या आधीपासूनच्या चालू. डावा हात खांद्याच्या वर जात नाही. दिवसभर झोपून असतात आणि 'आता काय उपयोग' म्हणतात.

आशाताईला घरी जाऊन वाटी-चमच्यात सांगता येईल असं हवं आहे. मोघम नको.

फिजिओ_वर्धा

ताई, पहिलं काम बाजेवरून उठवायचं. कॅन्सरनंतरचा थकवा आराम केल्याने जात नाही, उलट वाढतो. या वयात अंथरुणात गेलेला एकेक आठवडा मांडीचं मांस खातो आणि मग माणूस संडासातून उठताना पडतो. बाज मधे खोल जाते, तिच्यावरून उठणं अशक्त माणसाला जड. दिवसा बसायला हाताची खुर्ची द्या, बसायची उंची साधारण दीड फूट. सकाळ-संध्याकाळ त्या खुर्चीतून उठणं-बसणं ५ वेळा, जमेल तसं १० पर्यंत. आधी हात टेकून, मग न टेकता. चालणं सुरुवातीला ५ मिनिटं, दिवसातून तीनदा, अंगणातच. दर आठवड्याला एका वेळचे २-३ मिनिटं वाढवा. उन्हाळ्यात साडेपाचला नाहीतर दिवस मावळल्यावर.

आता तोंड. निरोगी माणसाचं तोंड ३५ मिमीच्या वर उघडतं, त्याची स्वतःची तीन बोटं उभी जातात. तुमच्या रुग्णाचं २५ च्या आसपास असेल. पण बोटावर जाऊ नका, प्लास्टिकची शाळेची पट्टी घ्या आणि वरच्या-खालच्या पुढच्या दातांतलं अंतर दर सोमवारी लिहून ठेवा. व्यायामाला आइस्क्रीमच्या चपट्या काड्या पुरतात. सहज मावतील तितक्या काड्यांची चळत करा, रबराने बांधा, एका टोकाला दोरा बांधून तो बाहेर राहू द्या, म्हणजे गिळली जायची भीती नाही. चळत दातांमधे ठेवली की मधे आणखी एक काडी सरकवायची. ताण जाणवला पाहिजे, कळ येता कामा नये. ३० सेकंद धरायचं, सोडायचं, असं ५ वेळा. आणि हे सगळं दिवसातून ५ वेळा. जेवणाआधी केलं तर घास घालायला सोपं जातं.

इथे तीन चुका होतात. एक, दिवसातून एकदाच जोर लावून करतात, स्नायू दुखावतो आणि दुसऱ्या दिवशी तोंड आणखी बंद. दोन, महिन्याभरात बरं वाटलं की सोडून देतात. शेकाने आतला स्नायू तंतूसारखा आवळत जाणं पुढे कित्येक महिने चालूच असतं, म्हणून वर्षभर तरी सोडायचं नाही. तीन, दात हलत असताना काड्या लावतात. तसं असेल किंवा जबड्यात पट्टी-स्क्रू असतील तर आधी ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना विचारा.

खांदा वर जात नाही त्याचं कारण मानेत आहे. गाठी काढताना खांदा उचलणाऱ्या स्नायूची नस ताणली जाते, कधी कापावी लागते. शिवाय छातीचं मांस वर घेतलेलं असल्याने पुढूनही ओढ बसते. पुढे वाकून हात सैल सोडून लंबकासारखा हलवणं, दोन्ही फरे (खांद्यामागची चपटी हाडं) मागे एकमेकांकडे ओढून ५ सेकंद धरणं, भिंतीवर बोटांनी चढत जाणं: प्रत्येकी १० वेळा, दिवसातून तीनदा. त्या हाताने पाण्याची बादली नको, त्या कुशीवर झोप नको. आणि घरच्यांना बजावून सांगा, उठवताना त्याच हाताला धरून ओढायचं नाही. सगळ्यात जास्त नुकसान तिथे होतं. कमरेला पंचा बांधून त्याला धरा.

पोषण_अमरावती

डाळीच्या पाण्याचं आधी मिटवू. वरचं निवळ पाणी म्हणजे मीठ-हळदीचं गरम पाणी, प्रोटीन खाली गंजात राहिलेल्या डाळीत असतं. घट्ट वरण घोटून, गाळणीतून काढून द्या.

५० किलोच्या माणसाला दिवसाला साधारण १५०० कॅलरी आणि ६० ते ७५ ग्रॅम प्रोटीन लागतं. घरच्या मापात: अर्धा लिटर दूध, त्यात सायविरहित दूध पावडर ३० ग्रॅम (चार मोठे चमचे), दोन अंडी, तूर किंवा मुगाची कोरडी डाळ ६० ग्रॅम, फल्लीदाण्याचं अगदी बारीक कूट ३० ग्रॅम आणि ज्वारी-गहू-तांदूळ मिळून १२० ग्रॅम. एवढ्यात प्रोटीन ७० च्या आसपास जातं. वर तेल-तूप मिळून पाच लहान चमचे. किडनीचा रिपोर्ट वाढलेला असेल तर मात्र प्रोटीन वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा, सिस्प्लॅटिन झालेल्या माणसात हे विसरू नका.

एका वेळी पाऊण वाटीपेक्षा जास्त जात नाही हे धरून चाला. म्हणून दोन जेवणं नकोत, दर दोन-अडीच तासांनी थोडं, असं सहा-सात वेळा. आपल्याकडे यासाठी ज्वारीच्या कण्यांसारखं दुसरं काही नाही. एक वाटी कण्या, पाच वाट्या पाणी, मंद आचेवर पूर्ण मऊ होईपर्यंत, मग दूध आणि एक चमचा तूप. वरणफळं लहान तोडून जास्त शिजवली तर तीही जातात. अंड्याची भुर्जी कोरडी अडकते, त्यापेक्षा फेटलेलं अंडं उकळत्या वरणात सोडून ढवळा. आंबील आणि ताक चांगलं, पण तोंडात जखमा आहेत तोवर आंबट झोंबतं. तिखटाचंही तेच. इतकी वर्षं ठेच्यावर जेवलेल्या माणसाला फिकं गिळवत नाही हे खरं, तर जिरं, हिंग, सांभार (कोथिंबीर), तळून कुस्करलेला लसूण वापरा.

फार कमी पिणाऱ्यासाठी एक युक्ती. गव्हाला मोड आणून वाळवून, हलका भाजून दळा. शिजलेल्या घट्ट खिरीत, ती कोमट झाली की, हे पीठ एक चमचा घालून ढवळा. पाच-दहा मिनिटांत खीर पातळ होते, म्हणजे तितक्याच वाटीत दुप्पट रवा घालता येतो. पण पातळ पिताना ठसका लागणाऱ्याला हे करू नका.

सोयाबीन घरात पोत्याने असतं, तेही वापरा, कच्चं मात्र दळू नका. कच्च्यातला एक घटक प्रोटीन पचू देत नाही, पोट फुगतं. उकळत्या पाण्यात २५-३० मिनिटं उकळून, उन्हात वाळवून, भाजून मग ९ किलो गव्हाला १ किलो या मापाने दळायला द्या.

मेटीखेडा_४४

नातेवाईक सांगतात दूध आणि साखर बंद करा, साखर म्हणजे कॅन्सरला खाऊ घालणं. काही जण गोमूत्र, काही जण रोज कडुलिंबाचा काढा. याचं काय?

पोषण_अमरावती

साखर बंद केल्याने गाठ उपाशी राहत नाही, माणूस राहतो. शरीर भाताची, भाकरीचीही साखरच करतं. या रुग्णाला शुगर आहे म्हणून गूळ-साखर मोजून, कॅलरी तेल, तूप, दाण्यांतून वाढवायच्या. दूध बंद करायला काहीच कारण नाही. काढ्यांचं पोटात भूक मारणं आणि किडनी-लिव्हरवर ताण, हे दोन्ही या घडीला परवडणारं नाही. घरच्यांशी वाद घालण्यापेक्षा त्यांना 'तपासणीच्या दिवशी डॉक्टरांना बाटली दाखवा' म्हणा, निम्म्या बाटल्या तिथेच थांबतात.

दातांचा_भाऊ

वरच्या दोघांनी दातांना हात लावला नाही, म्हणून लिहितो. जबड्यावर शेक झालेल्या माणसाचा दात गावात, बाजारात, शिबिरात कुठेही काढायचा नाही. शेकाने हाडाचा रक्तपुरवठा कमी झालेला असतो. दात काढलेला खड्डा भरत नाही, हाड उघडं पडतं, कुजतं, कधी जबड्याचा तुकडा काढावा लागतो. खालच्या जबड्याला धोका जास्त, आणि तो दोन-चार वर्षांनी संपत नाही, जन्मभर राहतो. म्हणून शेकाचा कागद फाईलमधे पहिल्या पानावर ठेवा: किती ग्रे (शेकाच्या डोसचं माप), किती बैठका, कोणती बाजू. दात दुखला तर तो कागद घेऊन ज्या केंद्रात शेक झाले तिथल्या दंत विभागात.

दात किडू नयेत हेच खरं काम. लाळेच्या ग्रंथींवर शेक गेले की लाळ आटते आणि दात हिरडीजवळ गोल किडतात, सहा महिन्यांत काळे ठिक्कर. उकळून गार केलेल्या १ लिटर पाण्यात १ लहान चमचा मीठ आणि १ लहान चमचा खायचा सोडा, रोज ताजं, दिवसातून ५-६ वेळा गुळण्या. गाल ओढला जातो आणि गुळणी फिरवता येत नाही त्यांना सुई काढलेल्या २० मिलीच्या सिरिंजने, डोकं पुढे झुकवून, हळू धार. बाजारातलं झोंबणारं माउथवॉश नको, त्यातल्या अल्कोहोलने तोंड आणखी सुकतं. मऊ ब्रश, फ्लोराइडची पेस्ट. गुडाखू, तंबाखूची पूड, मिश्री दातांना लावणं म्हणजे पुन्हा तंबाखूच.

गालावर-जिभेवर दह्यासारखा पांढरा थर आणि जळजळ असेल तर ती बहुतेक वेळा बुरशी असते. औषधाने आठ-पंधरा दिवसांत जाते, आणि ती गेली की जेवण दुपटीने वाढतं. 'शेकाने तोंड आलंय' म्हणून लोक महिना महिना काढतात.

कवळी असेल तर हिरड्या पूर्ण भरून डॉक्टर सांगेपर्यंत घालायची नाही. एक टोचलेली जागा पुरते.

उपकेंद्रवाली (यवतमाळ जिल्हा)

हे सगळं छापून भिंतीला लावण्यासारखं आहे. दोन गोष्टी राहिल्या. पाणी पिताना ठसका लागतो, घन घासाला नाही, हे उलटं कसं? आणि बीपी-शुगरच्या गोळ्या आधीच्याच चालू ठेवायच्या का? उठताना चक्कर येते म्हणतात.

वैद्यकीय_अधिकारी_ग्रा_रु

चक्कर आधी. माणसाचं वजन ६२ किलोचं ५० झालं असेल तर जुनी बीपीची गोळी जड पडते. झोपवून बीपी घ्या, उभं करून १ आणि ३ मिनिटांनी पुन्हा घ्या. वरचा आकडा २० किंवा जास्त उतरला तर तो आकडा लिहून त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे पाठवा, गोळी कमी किंवा बंद करावी लागते. लघवी वाढवणारी गोळी असेल तर आणखी घाई करा. शुगरची ग्लिमेपिराइडसारखी गोळी त्याहून धोक्याची: खाणं निम्मं, गोळी पूर्ण, म्हणजे पहाटे शुगर उतरून घाम, बडबड, बेशुद्धी. घरच्यांना वाटतं कॅन्सर डोक्यात गेला. ग्लुकोमीटर उपकेंद्रात आहे, उपाशीपोटी आणि जेवणानंतर दोन तासांनी आठवडाभर मोजा. गोळ्या स्वतःच्या मनाने बंद मात्र करायला लावू नका.

ठसका: पाणी पातळ, घशात धावत जातं. शेकाने सुन्न आणि कडक झालेला घसा श्वासनळी वेळेवर झाकत नाही. खिरीसारखं घट्ट हळू जातं म्हणून सांभाळता येतं. पूर्ण ताठ बसवून, एका वेळी लहान चमचा, गिळून झाल्यावर पुन्हा एकदा कोरडं गिळायचं, जेवणानंतर अर्धा तास आडवं करायचं नाही. जेवताना टीव्ही-गप्पा नकोत. गिळल्यावर आवाज घरघरता, ओला झाला तर अन्न चुकीच्या वाटेला गेलं समजा. म्हाताऱ्यात कधी कधी ठसकाही येत नाही आणि अन्न गुपचूप फुफ्फुसात उतरतं. पुन्हा पुन्हा ताप आणि छातीत कफ दिसला तर गिळण्याची तपासणी करून घ्यायला मोठ्या रुग्णालयात पाठवा. नळी पुन्हा घालावी लागली तरी ती हार नाही. आणि गिळणं थांबवू नका, न वापरलेला घसा महिनाभरात आणखी बसतो.

सिस्प्लॅटिनबद्दल कुणी बोलत नाही. एक, कान. बारीक, उंच आवाज आधी जातात, नातवाचं बोलणं समजत नाही. घरचे म्हणतात ऐकून न ऐकल्यासारखं करतात. हे परत येत नाही, समोर बसून सावकाश बोला आणि कानाची तपासणी करा. दोन, पाय. तळव्याला मुंग्या, बधिरपणा, आणि औषध संपल्यावरही काही महिने तो वाढू शकतो. चप्पल न घालता अंगणातही नाही, रोज रात्री तळवे बघायचे, काटा रुतलेला कळत नाही. तीन, किडनी. अंग दुखतं म्हणून गावात दिलं जाणारं डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन आणि तापात जेंटामायसिन-अमिकासिन या माणसाला टाळलेलेच बरे. फाईलवर लाल पेनाने लिहा. ४५ अंशांच्या दिवसांत पाणी थोडं थोडं दिवसभर, तहानेची वाट न बघता, कारण या वयात तहान कमी लागते. लघवी गडद पिवळी झाली म्हणजे कमी पडतंय. क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) किती दिवसांनी तपासायचं ते केंद्राकडून लिहून घ्या.

मानेवर शेक झालेल्या बऱ्याच जणांचं थायरॉइड महिन्या-वर्षांनी मंद होतं. टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) दर ६ ते १२ महिन्यांनी. सुस्ती, बद्धकोष्ठ, थंडी वाजणं, मंद बोलणं याला 'वय झालं' म्हणून सोडू नका. 'आता काय उपयोग' म्हणणाऱ्या माणसाचं टीएसएच आधी बघा. ते नीट असेल आणि झोप-भूक दोन आठवड्यांवर गेलेली असेल तर ते नैराश्य असू शकतं, त्याचा इलाज जिल्हा रुग्णालयात होतो.

सकाळी हनुवटीखाली सूज, दुपारपर्यंत कमी, हाताला मऊ: ती लसीकेची सूज, उशाला एक उशी जास्त द्या. पण मानेत टणक, रोज तशीच राहणारी गाठ, दोन-तीन आठवडे न भरलेली जखम, कानाकडे जाणारी नवी कळ, तोंडातून रक्त, उघडं हाड: यात तारखेची वाट बघायची नाही. रोग परतला तर बहुतेक वेळा पहिल्या दोन वर्षांत परततो, म्हणून पहिल्या वर्षी तपासणी दर १ ते ३ महिन्यांनी ठेवतात. पेरणी, कापूस वेचणी आली की नेमकी तीच तारीख चुकते.

समाजसेवा_कक्ष

तारीख चुकते ती पैशानेही. ७५ च्या वर एसटी मोफत, ६५ ते ७५ अर्ध्या तिकिटात. सोबत बाई असेल तर तिचंही अर्धं. रेल्वेत कॅन्सरच्या रुग्णाला तपासणीसाठी जायला स्लीपर आणि थ्री एसीत पूर्ण सूट, सोबतच्या एकाला ७५ टक्के. रुग्णालयात छापील फॉर्मवर डॉक्टरांची सही-शिक्का घ्या, तिकीट खिडकीवर काढा. ७० वर्षं पूर्ण झाली की उत्पन्न न बघता आयुष्मान वय वंदना कार्ड निघतं, आधार पुरतं. गरीब घरात ६५ च्या आतल्याला संजय गांधी निराधार योजना (कॅन्सर त्या यादीत आहे), पुढे श्रावणबाळ. अर्ज तहसीलला.

मेटीखेडा_४४

तंबाखू सोडली, पण बिनतंबाखूची सुपारी चघळतात. तोंडाला काही तरी लागतं म्हणे. चालेल का?

दातांचा_भाऊ

नाही. सुपारी एकटीही कॅन्सर करते, आणि गालाचा आतला पदर आवळून तोंड बंद करते ती सुपारीच. सकाळी काड्या लावायच्या आणि दुपारी सुपारी, हे एका हाताने दोर सोडायचा नि दुसऱ्याने गुंडाळायचा. तोंड सुकतं म्हणून 'काही तरी' लागतं. खिशात पाण्याची लहान बाटली, दर दहा मिनिटांनी घोट, जखमा नसतील तर साखर नसलेली गोळी. तलफ तीन-चार मिनिटं टिकते, तेवढ्यात हाताला काम द्या: तुरीच्या शेंगा सोलणं, बियाणं निवडणं. जेवल्यावरची आणि पानठेल्यावरच्या बैठकीची वेळ सगळ्यात वाईट, त्या वेळी चालायला बाहेर काढा, ठेला टाळून. तंबाखू सोडण्याची सरकारी फोन लाइन १८००-११-२३५६, मोफत. घरातला मुलगा दारात खर्रा घोटत बसत असेल तर त्यालाही तोच नंबर द्या.

उपकेंद्रवाली (यवतमाळ जिल्हा)

वजन दर आठवड्याला घ्यायचं ठरवलं तर प्रत्येक घरी काटा नाही.

पोषण_अमरावती

आशाताईकडचा किंवा किराणावाल्याचा धान्याचा मोठा काटा चालतो, फक्त दर वेळी तोच काटा हवा. सकाळी संडास झाल्यावर, उपाशीपोटी, तेच धोतर-बंडी. पायाखाली ठेवायचा काटा असेल तर आधी शून्य बघा. महिन्यात २ किलोच्या वर उतरलं तर पुढच्या तारखेची वाट न बघता फोन. दोन महिने एकाच जागी थांबलं तरी या घडीला ते चांगलंच. पण पायाला सूज असेल तर वाढलेल्या काट्यावर भरोसा ठेवू नका, नडगीवर अंगठा दाबून खळगा पडतो का ते बघून मगच वहीत लिहा.